सोळा फरश्यांचं गणगोत

सावंगीच्या (मेघे) दवाखान्यात पेशंटसोबत आलेल्या माणसाजवळ दोन गोष्टी उदंड असतात: वेळ आणि नातेवाईक. कोहेरंट कॉन्फिगरेशन ही गणितातली रचना शिकायला एवढं भांडवल पुष्कळ झालं.

सगळ्या गोतावळ्याला सतरंजीवर बसवा. दोघांत नातं एकच धरायचं. मावसभाऊही आणि साडूही, हे चालायचं नाही. मामा-भाचा उलटवलं की भाचा-मामा, तेही नातंच. ज्याचं त्याच्याशी नातं वेगळं मांडायचं. खरी मेख पुढे आहे. एका मामा-भाच्याच्या जोडीत मामाची बहीण असून भाच्याची मावशी लागणाऱ्या बाया दोन निघाल्या, तर प्रत्येक मामा-भाच्यात दोनच निघाल्या पाहिजेत. बाकीच्या नात्यांनाही हाच कायदा. कुठल्याच घराण्यात हे जमत नाही. एकाला तीन मावश्या, दुसऱ्याला एकही नाही, आणि वरून रुसवेफुगवे.

तेव्हा गोतावळ्याला चहाला पिटाळा, खडू घ्या आणि चार बाय चार फरश्या आखा. नाती आता तीनच: स्वतः, शेजारी, परका. पहिल्या खेपेला आडव्या-उभ्या रांगेतल्या सगळ्या फरश्या शेजारी माना. प्रत्येकीला सहा शेजारी येतात. कोणत्याही दोन फरश्या घ्या, शेजारी असोत की परक्या, दोघींचे सामाईक शेजारी दोनच. कायदा पाळला गेला. नवशिके इथेच हुरळतात.

आता पुसा. डावी, उजवी, वरची, खालची आणि एकाच दिशेच्या तिरक्या दोन, एवढ्याच शेजारी धरा. कडेबाहेर गेलात तर समोरच्या कडेने आत या. पुन्हा सहा, पुन्हा दोन, पुन्हा दोन. हिशेब पैशापैशाने जुळला!

म्हणून दोन्ही नकाशे एकच? एका फरशीचे सहा शेजारी तेवढे एकमेकांना जोडून पाहा. आधी दोन सुटे त्रिकोण आले होते. आता सहाजणांनी हात धरून फेर धरलाय. हा दुसरा नकाशा म्हणजे 'श्रीखंडे ग्राफ'. शरदचंद्र शंकर श्रीखंडे नागपुरात शिकलेले, पुढे मुंबई विद्यापीठात प्राध्यापक. बोस आणि पार्कर या गणितज्ञांसोबत १९५९ मध्ये ऑयलरचा लॅटिन चौकोनांबद्दलचा १७८२ चा अंदाज खोटा पाडणारे तेच.

फरश्या मात्र मोजून घ्या, चार बाय चारच. पाच बाय पाचवर असा जुळा निघत नाही, हेही श्रीखंडे यांनी १९५९ मध्येच सिद्ध केलंय.