कुठं जाऊलालाव?

चाकुरात काम नसताना चालता येत नाही. कायद्यानं बंदी नाही, पण दहा पावलांत कुणीतरी मोटारसायकल थांबवतंच.

"कुठं जाऊलालाव?"

"कुठं नाही, उगीच."

या 'उगीच'वर आजवर कुणाचा विश्वास बसलेला नाही. डॉक्टरनं साखर सांगितली असेल, नाहीतर घरात वाजलं असेल, असा अंदाज चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. "बसा, सोडतो," म्हणून तो मला परत घरीच आणून सोडतो.

म्हणून पायवाटांची हौस भागवायला तालुक्यातलंच वडवळ नागनाथचं बेट गाठावं लागतं. समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठे, पण बेटांना तोटा नाही. उदगीरकडे हत्तीबेट, इकडे हे. सोयाबीनच्या हिरव्या पसाऱ्यात एकटा उभा राहिलेला डोंगर म्हणजे बेट. सह्याद्रीवाले याला डोंगर म्हणणार नाहीत. त्यांनी म्हणू नये, धाप आम्हाला लागते.

वडवळच्या बेटाला संजीवनी बेटही म्हणतात. औषधी वनस्पतींसाठी ते प्रसिद्ध आहे. हनुमंतानं द्रोणागिरी नेताना त्याचा तुकडा इथं पडला, असं सांगतात. पावसाळ्यात मी आणि दाजी चढलो. दाजींच्या हातात पिशवी होती. अर्ध्या वाटेत त्यांना एक पिवळ्या फुलांचं झुडूप सापडलं. गुडघेदुखीवर हेच, असं म्हणून त्यांनी पिशवी गच्च भरली. शेळ्या वळणारी एक म्हातारी बराच वेळ बघत होती.

"तरोटा हाय की त्यो," ती म्हणाली. "कवळा आसताना भाजी करत्यात. आता निबार झालाय."

तरोटा दाजींच्या परसात कमरेइतका वाढला होता. मी त्यांना धीर दिला, की मुळी हनुमंतालाही ओळखू आली नव्हती, म्हणून तर अख्खा डोंगर उचलावा लागला. दाजींनी पिशवी शेळ्यांपुढे धरली. एकीनंही तोंड लावलं नाही.

बेटावर सगळं आहे. धबधबा तेवढा नाही. त्यासाठी आम्ही नांदेड ओलांडून इस्लापूरजवळ सहस्रकुंडला गेलो. पैनगंगा तिथं काळ्या खडकावर येते, फुटते आणि अनेक धारांनी खाली उडी घेते. या काठाला नांदेड, समोरच्या काठाला यवतमाळ. म्हणजे मराठवाडा आणि विदर्भ मधल्या पाण्यावर न भांडता समोरासमोर उभे आहेत, असं दुर्मिळ दृश्य. आवाज असा की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. तुषार दाजींच्या चष्म्यावर बसले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

बऱ्याच वेळानं ते ओरडले, "मिनिटाला किती टँकर असतील हो?"

मला हसू आलं आणि अर्ध्यातच थांबलं. २०१६च्या एप्रिलमध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या खेपेला दहा डबे, पाच लाख लिटर. ज्या जिल्ह्यात पाणी रुळावरून आलं, तिथल्या माणसानं धबधबा टँकरमध्येच मोजावा. मीही मनात हिशेब करून पाहिला. दहा डब्यांचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत खाली पडत होतं, पुन्हा पडत होतं, आणि कुणी नंबर लावून उभं नव्हतं. वर घागरी घेऊन आलेलं एकही माणूस नाही! सगळे मोबाइल घेऊन आलेले.

चाकूरला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. घर जवळच, म्हणून पायी निघालो. दहा पावलांवर मोटारसायकल थांबली.

"कुठं गेल्ताव?"

या वेळी 'उगीच' म्हणायची वेळ नव्हती. दाजी ताठ मानेनं म्हणाले, "पाणी बघायला."

"आलंय व्हय नळाला?" एवढंच विचारून त्यानं गाडी वळवली आणि आम्हाला बसा न म्हणताच घराकडे सुसाट सुटला.