चेंडू खाली का जातो?

सैद्धांतिक भौतिकशास्त्रावरचे माहितीपट मी ज्या भक्तिभावानं बघतो, त्याच्या निम्म्या भक्तिभावानं बारावीत अभ्यास केला असता, तर कॉमर्सला जायची वेळ आली नसती. ब्रायन ग्रीनच्या २००३ सालच्या 'द एलिगंट युनिव्हर्स'ची तर माझी पारायणं झाली आहेत. सगळं विश्व इवल्याशा तंतूंचं बनलंय, तंतू जसा थरथरेल तसा कण दिसतो आणि हे गणित जमायला मिती दहा किंवा अकरा लागतात, हे मला तोंडपाठ आहे. जास्तीच्या मिती म्हणे घट्ट गुंडाळलेल्या असतात, म्हणून दिसत नाहीत. बघताना मी मान डोलावतो. संपल्यावर कुणी "म्हणजे नक्की काय?" असं विचारलं, की पंचाईत होते.

या माहितीपटांचा एक साचा ठरलेला आहे. शास्त्रज्ञ कड्यावर एकटाच उभा राहून समुद्राकडे बघतो. (बिचारा एरवी ट्यूबलाइटखाली आकडेमोड करत असणार.) समीकरणं येतात, पण वरातीतल्या रोषणाईसारखी, चमकतात आणि वाचायच्या आत पुढे जातात. दर समीकरणागणिक पुस्तकाचा खप निम्मा होईल, असं स्टीफन हॉकिंगना कुणीतरी बजावलं होतं, म्हणून त्यांनी 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम'मध्ये आइनस्टाइनचं तेवढं एक समीकरण ठेवलं. माहितीपटवाल्यांनी हा सल्ला जरा जास्तच मनावर घेतलेला दिसतो.

आणि ती रबराची चादर! ताणलेल्या चादरीवर जड चेंडू ठेवायचा, खळगा पडतो, त्याभोवती गोट्या घरंगळतात, झालं गुरुत्वाकर्षण. एकदा हे चालू असताना सौभाग्यवती शेजारी गवार निवडत बसल्या होत्या.

"अहो, पण तो चेंडू चादरीत खाली का गेला?"

"जड आहे म्हणून."

"म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळंच ना? मग त्यानं समजावलं काय?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

तिचं म्हणणं बिनतोड होतं. शिवाय हातातून सुटलेली वाटी खाली पडते, त्यात मोठा वाटा असतो तो काळ वाकण्याचा, आणि तो काही चादरीवर दिसत नाही. जमिनीच्या जवळ घड्याळ किंचित हळू चालतं. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१० साली दोन अणुघड्याळांच्या उंचीत जेमतेम ३३ सेंटिमीटरचं अंतर ठेवून हा फरक मोजून दाखवला. म्हणजे आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरची मंडळी तळमजल्यावरच्यांपेक्षा कणभर लवकर म्हातारी होतायत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे सांगायचा मोह मी आजवर आवरला आहे. पण मला ही गोष्ट अकरा मितींहून जास्त भावते, कारण ती कुणीतरी मोजलीय. तंतूंचा पडताळा अजून एकाही प्रयोगात मिळालेला नाही, आणि झगमगाट मात्र सगळा त्यांच्याच वाट्याला.

गुरुत्वलहरींवरच्या माहितीपटातही दोन काळे गोळे एकमेकांभोवती नाचताना दाखवतात. माझ्या अंगावर काटा आला तो त्या नाचामुळे नाही. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या 'लायगो' या गुरुत्वलहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या चार-चार किलोमीटर लांब भुजांमध्ये फरक पडला, तो प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पट लहान. एवढीशी खूण गोंगाटातून कशी वेचायची, यावर आपल्या पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधरांनी कितीतरी वर्षं आधीपासून काम केलं होतं. मी पाहिलेल्या माहितीपटात त्यांना काही कुणी कड्यावर उभं केलं नव्हतं.

तसलीच एक 'लायगो' हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. २०२३ साली केंद्र सरकारनं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. माझा एक आतेभाऊ तिकडचाच. त्याला मी फोनवर मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं: लेझर, निर्वात नळ्या, काटकोनातल्या दोन भुजा. नळी इतकी सरळ ठेवायची, की बांधताना पृथ्वीची गोलाईसुद्धा हिशेबात धरावी लागते.

तो बराच वेळ नुसतं "हां, हां" करत होता. मग म्हणाला, "चार किलोमीटर सरळ? दादा, आमच्याकडं रस्ता तरी सलग चार किलोमीटर सरळ आहे का?"

हे वाक्य एखाद्या माहितीपटात घालायला हरकत नाही. फक्त मागे व्हायोलिन नको.