चलान पोहोचतं, रिकॉल पोहोचत नाही

सिग्नल तोडला की ई-चलानचा एसएमएस मोबाइलवर येतो. गाडीचा नंबर, ठिकाण, वेळ, दंडाची रक्कम, सगळं त्यात असतं. गाडी तिसऱ्या हातातली असली तरी आरसीवर आज ज्याचं नाव, त्यालाच तो जातो. म्हणजे कुठली गाडी कोणाच्या नावावर आहे आणि त्याचा मोबाइल नंबर काय, हे सरकारला ठाऊक असतं. मग त्याच गाडीच्या एअरबॅगमध्ये दोष आहे, हे त्याच मालकाला त्याच मोबाइलवर का कळत नाही?

आपल्याकडे रिकॉल कसा जाहीर होतो ते पाहा. कंपनी प्रसिद्धिपत्रक काढते. शेअर बाजारात नोंदलेली असेल तर बाजाराला कळवते. वेबसाइटवर चेसिस नंबर टाकायला एक चौकट देते. मग डीलर आपल्याकडच्या यादीतले फोन फिरवतो. ती यादी शोरूमची, म्हणजे पहिल्या मालकाची. त्याने गाडी सांगलीच्या माणसाला विकली, सांगलीकराने जतच्या, तर फोन जातो पुण्यातल्या त्या पहिल्या मालकाला. तो म्हणतो, गाडी विकली. डीलर यादीवर खूण करतो. शेअर विकत घेणाऱ्याला दोष त्याच दिवशी कळतो. गाडी चालवणाऱ्याला कदाचित कधीच नाही.

एक आधीच सांगतो. रिकॉल केला म्हणून कंपनीला नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. हजारो सुटे भाग जोडून बनणाऱ्या वस्तूत चूक होणारच. जानेवारी २०२३मध्ये मारुतीने १७,३६२ गाड्या एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी परत बोलावल्या. या गाड्या ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळात बनलेल्या होत्या. शेवटची गाडी बाहेर पडून आठवडाही झाला नव्हता, आणि कंपनी सांगत होती की भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका. हे असंच व्हायला हवं. रिकॉल हा कलंक नाही. कलंक आहे तो माहीत असून गप्प बसण्यात.

गप्प बसण्याचा हिशोब टाकाटाने दाखवला. या जपानी कंपनीच्या एअरबॅग फुगवणाऱ्या डब्यात, म्हणजे इन्फ्लेटरमध्ये, अमोनियम नायट्रेट भरलेलं असे. स्वस्त रसायन, पण ओल धरणारं. दिवसा तापायचं, रात्री निवायचं, हवेतला दमटपणा शोषायचा, असं वर्षानुवर्षं झालं की त्याच्या वड्या भुसभुशीत होतात आणि पेटल्यावर ठरल्यापेक्षा कितीतरी वेगाने जळतात. तो दाब पोलादी डब्याला पेलत नाही. डबा फुटतो आणि त्याचे तुकडे पिशवी फाडून चालकाच्या मानेत आणि चेहऱ्यात घुसतात. ज्या धडकेत माणूस बंपर चाचपून घरी गेला असता, त्या धडकेत तो मरतो. जगभरात सुमारे दहा कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले. एकट्या अमेरिकेत २८ माणसं मेली. चाचण्यांचे आकडे फिरवून मोटार कंपन्यांना फसवल्याचा गुन्हा टाकाटाने जानेवारी २०१७मध्ये कबूल केला. दंड आणि भरपाई मिळून शंभर कोटी डॉलर मान्य केले आणि त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळं काढलं.

उष्णता आणि दमट हवा. अमेरिकेत म्हणूनच फ्लोरिडा, मेक्सिकोच्या आखाताचा किनारा, प्वेर्तो रिको हे भाग दुरुस्तीत आधी घेतले. आता आपल्या नकाशावर मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजी यांच्यावर बोट ठेवा. होंडाने भारतात जुलै २०१६मध्ये सुमारे १ लाख ९० हजार गाड्या याच इन्फ्लेटरसाठी बोलावल्या, त्यांत २००३ सालापासूनच्या गाड्या होत्या. जानेवारी २०१७मध्ये आणखी ४१,५८०. आकडे जाहीर झाले. पण कोकणात आणि गोव्यात घामट हवेत उभ्या असलेल्या किती गाड्यांचा इन्फ्लेटर खरोखर बदलला? बोलावलेल्या गाड्यांचा आकडा ही बातमी होते. दुरुस्त झालेल्यांचा आकडा ठळक मथळ्यात कधी पाहिलात का? जीव मात्र त्या दुसऱ्या आकड्याने वाचतात.

टाकाटाचा पहिला रिकॉल नोव्हेंबर २००८चा. होंडाने अमेरिकेत जेमतेम चार हजार गाड्या बोलावल्या. मे २००९मध्ये ओक्लाहोमात अठरा वर्षांची एक मुलगी शाळेच्या पार्किंगमधल्या किरकोळ धडकेत मेली. गाडी २००१ची. आठ वर्षं जुनी.

ही आठ वर्षं लक्षात ठेवा, कारण आपला नियम सातवर थांबतो. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम आलं. सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्राला पहिल्यांदा मिळाला. तोवर सगळं कंपन्यांच्या संघटनेच्या २०१२च्या ऐच्छिक संहितेवर चालत होतं. कलम चांगलं आहे. दोष स्वतःहून सांगणाऱ्या कंपनीला दंड नाही आणि लपवणाऱ्याला आहे, हेही शहाणपणाचं. पण १ एप्रिल २०२१पासून लागू झालेल्या नियमांत सक्तीचा रिकॉल सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरता ठेवला. सात वर्षं कोणत्या हिशोबाने? आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणीच पंधरा वर्षांची असते. काही दोष पहिल्या महिन्यात दिसतात, काही पिकायला दहा वर्षं घेतात. टाकाटाचा दोष पिकणाऱ्यांतला. जुन्या गाडीत कोण बसतं? नवी परवडत नाही तो. संरक्षण नेमकं त्याच्यापाशी संपतं.

दंडाची कमाल मर्यादा एक कोटी रुपये. लाखापेक्षा जास्त मोटारींच्या रिकॉलला एक कोटी. गाडीमागे शंभर रुपयेसुद्धा नाहीत. यावर आणखी काय लिहायचं?

तक्रारींच्या उंबरठ्यावर मात्र लिहायला हवं. वर्षाला दहा हजारांहून जास्त खपणाऱ्या मोटारीच्या मॉडेलबद्दल १,२५० तक्रारी आल्या, की मालकांच्या बाजूने कारवाईचं दार उघडतं. चाचणी संस्थेच्या अहवालाने किंवा अन्य मार्गानेही ते उघडू शकतं, हे मान्य. पण सामान्य मालकाच्या हातात आहे तो हा आकडा. आणि मोठे दोष मोठ्या आकड्याने उघडे पडत नाहीत, हे जनरल मोटर्सच्या प्रकरणात साऱ्या जगाने पाहिलं आहे.

त्या कंपनीच्या शेव्हर्ले कोबाल्ट नावाच्या गाडीचा इग्निशन स्विच ढिला होता. गुडघा लागला, किल्लीला जड जुडगा लटकला, खड्ड्यात दणका बसला, तर किल्ली चालू गाडीत मागे सरकायची. इंजिन बंद. पॉवर स्टिअरिंग बंद. आणि एअरबॅगही बंद. गाडी पुढे आदळली तरी पिशवी उघडायची नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये २००६च्या अशा एका अपघाताचा तपास तिथल्या राज्य पोलिसातल्या एका अधिकाऱ्याने केला. स्विच चुकीच्या जागी आहे हे त्याने पाहिलं, कंपनीचंच जुनं तांत्रिक पत्रक शोधून काढलं आणि २००७च्या अहवालात दोन्ही गोष्टी जोडल्या. तो अहवाल अमेरिकेच्या केंद्रीय वाहन-सुरक्षा यंत्रणेच्या फायलीत पोहोचला. पुढे? काही नाही. दरम्यान कंपनीच्या अभियंत्याने २००६मध्येच स्विच सुधारून घेतला होता, पण भागाचा नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुना आणि नवा यांतला फरक कागदावर दिसेना, आणि तपास करणारे वर्षानुवर्षं चकले. रिकॉल झाला फेब्रुवारी २०१४मध्ये. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. स्विच बदलायचा खर्च अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीत निघाला तो एका डॉलरपेक्षाही कमी.

एका पोलिसाने सात वर्षं आधी लिहून ठेवलं होतं. एक अहवाल. १,२५० नव्हे.

आपल्याकडे तसा अहवाल लिहिला जाईल का? २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. बहुतेक नोंदींत कारण चालकाचं. अतिवेग, हलगर्जीपणा. चालक चुकतात, खूप चुकतात, त्यात वाद नाही. पण अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षक येतो, ब्रेक लागतो का, स्टिअरिंग फिरतं का ते पाहतो आणि यांत्रिक दोष नाही असं लिहून देतो. समोरून एवढा मार बसूनही एअरबॅग का उघडली नाही, हा प्रश्न विचारायला त्याच्याकडे वेळ नाही, साधन नाही आणि कोणाचा दबावही नाही. चालक मेला असेल तर त्याच्या बाजूने बोलायलाही कोणी उरत नाही. गुन्हा मृताच्याच नावावर नोंदवून फाइल बंद होते. तक्रारींचा आकडा वाढणार कसा? जे सांगू शकले असते ते गेले.

मग दोष उघडा कसा पडतो? व्हिडिओने. २६ मार्च २०२२ला पुण्यात लोहगाव भागात उभ्या असलेल्या ओलाच्या विजेच्या स्कूटरने पेट घेतला. कोणीतरी मोबाइल काढला, देशभर तो व्हिडिओ फिरला. त्याच सुमारास वेल्लोरमध्ये चार्जिंगला लावलेल्या दुसऱ्या कंपनीच्या स्कूटरच्या आगीत बाप आणि लेक गेले. एप्रिलमध्ये नितीन गडकरींनी कंपन्यांना जाहीर इशारा दिला. ओलाने १,४४१, ओकिनावाने ३,२१५ स्कूटर बोलावल्या, आणि बॅटरीचे नियम त्या वर्षाअखेरपासून कडक झाले. झालं ते चांगलंच. पण रस्त्यावर मोबाइल घेऊन उभा असलेला माणूस नसता तर? ब्रेकचा दोष पेटत नाही. स्टिअरिंगचा सांधा धूर सोडत नाही. त्याचा व्हिडिओ निघत नाही.

दुचाकीचं तर आणखी अवघड आहे. त्याच २०२२मध्ये मेलेल्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. मे २०२१मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलसाठी २,३६,९६६ मोटारसायकली बोलावल्या. अशी एखादी गाडी वॉरंटी संपल्यावर कंपनीच्या वर्कशॉपचं तोंड पाहत नाही. ती जाते नाक्यावरच्या मेकॅनिककडे. गावात तीच पद्धत आहे आणि तिच्यात वाईट काही नाही. हा मेकॅनिक वर्षातून तीनदा ती गाडी उघडतो. या मॉडेलचं हे कॉइल सदोष आहे, फुकट बदलून मिळेल, हे त्याला कोणी सांगितलं तर तो गिऱ्हाइकाला नक्की सांगेल. देशातल्या लाखो मेकॅनिकांना मराठीत, हिंदीत, कन्नडमध्ये एक साधी यादी द्यायला काय लागतं? हे अजून कोणाला सुचलेलं दिसत नाही, याचा मला खरोखर संताप येतो.

इतरांनी काय केलं ते समोर आहे. अमेरिकेत कंपनीला आजच्या नोंदणीकृत मालकाला टपालाने पत्र पाठवावं लागतं. तिथेच एका भाड्याच्या गाडीचा रिकॉल झाला होता, दुरुस्ती झाली नव्हती, आणि ती २००४मध्ये पेटून दोन तरुण बहिणी गेल्या. त्यांच्या आईने अकरा वर्षं पाठपुरावा केला. २०१५मध्ये कायदा झाला की मोठ्या भाडे कंपन्यांनी दुरुस्ती न झालेली गाडी भाड्याने द्यायचीच नाही. जर्मनीत तर गंभीर दोष दुरुस्त न करून घेणाऱ्या मालकाची गाडी रस्त्यावरून उतरवता येते.

आपल्याकडे यंत्रणा तयार आहे. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या प्रत्येक गाडीला एचएसआरपी पाटी लावायला महाराष्ट्र सरकारने लोकांना पळवलंच ना? पीयूसी काढताना, विमा भरताना, नाव ट्रान्सफर करताना, टॅक्सीच्या पासिंगला, प्रत्येक वेळी गाडीचा नंबर संगणकात पडतो. त्या क्षणी पडद्यावर एक ओळ यायला हवी: या गाडीचा अमुक रिकॉल बाकी आहे. ट्रान्सफरच्या वेळी घेणाऱ्याला ती दिसलीच पाहिजे. टॅक्सी, रुग्णवाहिका आणि शाळेची बस यांचं पासिंग त्या ओळीवर अडलंच पाहिजे. खासगी मालकाला मुदत द्या. पण भाग दुकानात आल्यावर द्या, कारण डीलर सहा-सहा महिने ‘पार्ट आला नाही’ सांगत असेल तर मालकाला शिक्षा करणं अन्याय आहे. तेवढ्या काळात त्याला दुसरी गाडी देणं कंपनीचं काम आहे, आणि हेही नियमात लिहिलेलं असावं.

तोवर आपल्या हातात एवढं आहे: आरसीवरचा सतरा अक्षरी चेसिस नंबर काढा आणि कंपनीच्या वेबसाइटवर टाकून पाहा. जुनी गाडी घेणार असाल तर पैसे देण्याआधी टाका. रिकॉल निघाला आणि सर्व्हिस सेंटरने टाळाटाळ केली, तर तारीख घालून लेखी उत्तर मागा, आणि ‘वाहन’च्या पोर्टलवर तक्रार नोंदवा. १,२५०मध्ये तेवढी एक तरी वाढेल.