नाचावं, पण शेजारच्यानं

मारी तालिओनी ही एकोणिसाव्या शतकातली युरोपातली सर्वांत गाजलेली बॅले नर्तकी. 1842 साली ती सेंट पीटर्सबर्ग सोडून निघाली, तेव्हा तिथल्या चाहत्यांनी तिचे नाचायचे बूट दोनशे रूबलला विकत घेतले, शिजवले आणि वर सॉस ओतून खाल्ले, असं सांगतात. खरं-खोटं त्या बुटांना ठाऊक. पण पचण्यासारखं होतं म्हणायचं. आजच्या बुटांना टोकाशी कापड, कागद आणि गोंदाचे थर देऊन केलेला कडक डबा असतो, तो तेव्हा नव्हता. साटीनच्या मऊ सपाता असत, कडेनं दोरा घालून जरा घट्ट केलेल्या. तेवढ्यावर बाई अंगठ्याच्या टोकावर उभी राहायची.

आमच्या उरल्यात असली भक्ती जमायची नाही. इथे पायात सेफ्टी शूज, पुढे लोखंडी टोपी बसवलेले. शिजवायला भट्ट्या रग्गड आहेत, चावायला दात नाहीत.

उरला म्हणजे रायपूरला चिकटलेली औद्योगिक वसाहत. स्पंज आयर्न, बिलेट, सळ्या, आणि या सगळ्यावर बारीक काळी धूळ. सकाळी गच्चीवर वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी करडा होऊन घरात येतो. अशा ठिकाणी बॅलेचा चाहता असेल, असं तुम्हाला वाटणार नाही. पण आहे. आमचे भाऊ. मूळचे गोंदियाकडचे, नोकरीनं रायपूरकर झालेले, एका रोलिंग मिलमध्ये शिफ्ट इन्चार्ज. त्यांचं नाव मी लिहीत नाही. एक तर ते माझे मित्र आहेत, आणि दुसरं म्हणजे असे भाऊ तुमच्याही गल्लीत आहेत, तुम्ही तेच नाव घालून वाचा.

भाऊंचा देव म्हणजे मनीष चौहान. मुंबईच्या टॅक्सी ड्रायव्हरचा मुलगा. बॅलेच्या हिशेबात फार उशिरा, ज्या वयात बाकीचे गुडघ्याला पट्टा बांधायला लागतात त्या वयात, तो येहुदा माओर नावाच्या इस्रायली-अमेरिकन गुरूच्या हाताखाली शिकायला लागला. 2020 साली सूनी तारापोरवाला यांचा 'ये बॅले' आला, त्यात मनीषवर बेतलेली भूमिका मनीषनंच केली. भाऊंनी तो चित्रपट किती वेळा पाहिला हे वहिनींना विचारा, त्या उत्तर देत नाहीत, नुसतं छताकडे बघतात. रात्रपाळीला केबिनमध्ये भाऊंचा फोन स्टीलच्या डब्याला टेकवलेला असतो. पडद्यावर मनीष हवेत जातो, तिथेच थांबल्यासारखा वाटतो, मग उतरतो. उतरताना पाय वाजत नाहीत. भाऊ बोट ठेवून दाखवतात, "हे बघ, टाच टेकली का? आधी पंजा, मग टाच. गुडघा वाकला, आवाज मेला." इतकं बारीक बघणारा प्रेक्षक लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्येही पहिल्या रांगेत शोभेल. मी त्यांना मानतो, उगाच नाही.

काचेपलीकडे तेव्हा लाल बिलेट रोलमधून येत असतं आणि एक पोऱ्या लांब सांडशीनं त्याचं तोंड पकडून अर्धी गिरकी घेऊन पुढच्या स्टँडमध्ये घालत असतो. आता मी इथे, मिलमधलं कामही नृत्यच कसं, असं काही तरी लिहीन म्हणून तुम्ही पान सरसावून बसला असाल. नाही लिहिणार. भट्टीपुढे उभा राहणारा माणूस नाचत नसतो, भाजत असतो.

मुद्दा भाऊंच्या घरचा आहे.

भाऊंची मुलगी यंदा नववीत. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचली, बरी नाचली, म्हणजे बापासारखीच टाच न वाजवता उतरली. बक्षीस घेऊन घरी आली आणि म्हणाली, बाबा, मला हेच शिकायचंय. घरात जी शांतता पसरली ती मिल बंद पडल्यावर पसरते तशी होती. मग भाऊंनी घसा खाकरला. "आधी दहावी." मग? "मग बारावी." मग? "मग नीट." त्यानंतर जो वेळ उरेल तो सगळा नाचाला. डॉक्टर होऊन हॉस्पिटल थाटून झालं की बाई मोकळी, वय वर्षं चाळीस, नाच म्हणावं हवं तेवढं.

शिवाजी जन्मावा पण शेजारच्या घरात, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. मनीष चौहानचंही तेच. त्याच्यासाठी डोळे पुसायचे, त्याचे व्हिडिओ तीन ग्रुपांवर टाकायचे, 'टॅलेंट को सलाम' असं खाली लिहायचं, आणि आपल्या घरातल्या टॅलेंटला फिजिक्सच्या क्लासला सोडून यायचं. चाहता होणं ही फार सोयीची गोष्ट आहे. कला आवडते हे सिद्ध होतं आणि कलेचा खर्च दुसऱ्याच्या बापाच्या नावावर पडतो.

ते बाप कोण, हे तरी बघा. मनीषचा टॅक्सी चालवणारा. त्याच्याबरोबर माओर यांच्याकडे शिकलेला अमीरुद्दीन शाह 2017 साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला, त्याचे वडील वेल्डर. दिल्लीच्या कमल सिंगला 2020 मध्ये लंडनच्याच इंग्लिश नॅशनल बॅलेच्या शाळेत जागा मिळाली, फीसाठी लोकांकडून वर्गणी जमवावी लागली, त्याचे वडील ई-रिक्षा चालवणारे. उरल्यात गेट नंबर कुठलंही घ्या, आत वेल्डर सापडेल. बाहेर ई-रिक्षा उभी असेल. पण नीटचं ओझं फ्लॅट घेतलेल्यांच्या पोरांवर जास्त असतं. ज्याच्याकडे गमावायला थोडं असतं तो पोराला उडी मारू देतो, ज्याचे हप्ते चालू असतात तो नाही. हा अर्थशास्त्राचा नियम नाही, माझा कयास आहे, पण भाऊंना ऐकवला तेव्हा त्यांनी चहाचा कप जरा जोरात ठेवला.

बापांना एकट्या उरल्यात बदनाम करायचं कारण नाही. रुडॉल्फ नुरेयेव उफा गावात वाढला. रशियातल्या उरल पर्वताच्या बाजूचं गाव, म्हणजे आमचं नावाचं नातेवाईकच. त्याचे वडील लाल सैन्यात, पोरानं नाचावं हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. पोरगं ऐकेना. 1961 मध्ये पॅरिसच्या विमानतळावर सोव्हिएत पहारेकऱ्यांच्या हातून निसटलं, आणि 1964 मध्ये व्हिएन्नात मार्गो फाँटेनबरोबर 'स्वान लेक' नाचलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवून दोघांना एकोणनव्वद वेळा पडद्याबाहेर बोलावलं. विक्रमांच्या पुस्तकात नोंद आहे. एकोणनव्वद! आमच्याकडे आभारप्रदर्शन सुरू झालं की निम्मं सभागृह चपला शोधत असतं, आणि उरलेलं निम्मं बसतं ते अल्पोपाहाराची घोषणा झालेली असते म्हणून. त्यातही पहिल्या तीन रांगा पासवाल्यांच्या. मराठी माणूस नाटकाला तिकीट काढतो असा आपला लौकिक आहे. नाचाला मात्र त्याला पास लागतो, आणि पास मिळाला तरी नऊच्या आत घरी पोचायचं असतं.

आता वहिनींच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो, कारण घरात पहिली बाजू त्यांनी घेतली, मुलीची.

मुंबईत वत्सला जोशी नावाच्या एक बाई होत्या. तो काळ 1930 च्या आसपासचा, चांगल्या घरच्या मुलीनं पायात घुंगरू बांधले तर चाळीत महिनाभर पुरेल एवढा विषय व्हायचा. त्याच मुंबईत लीला सोखी राहायच्या, रंगमंचावरचं नाव मादाम मेनका. नवरा हाफकिन इन्स्टिट्यूटचा प्रमुख, बाई कथकवर बॅले बसवणारी. खंडाळ्याला त्यांनी नृत्याची शाळा काढली. त्यांचा ताफा युरोप फिरला आणि 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भरलेल्या नृत्यस्पर्धेत बक्षिसं घेऊन आला. लोकांना त्या ऑलिम्पिकमधला ध्यानचंद आठवतो. मेनका आठवत नाही, आठवायला आपण तिला विसरायच्या आधी नीट पाहिलंच कुठं होतं?

तर या मेनकेला वत्सलाबाईंची चिमुरडी दमयंती आवडली. स्वतःचं मूल गमावलेलं, ही मुलगी दत्तकच मागितली. आईनं पूर्ण दिली नाही, पण अडवलीही नाही. दोघी बायकांनी मिळून एक मुलगी वाढवायची असं ठरलं. एक आई घरची, एक आई नाचाची. कुठल्याही कोर्टात न गेलेला इतका शहाणा तह मी दुसरा ऐकलेला नाही. ती मुलगी म्हणजे दमयंती जोशी. मेनकेच्या ताफ्यात लहानपणीच उभी राहिली, पुढे लखनौच्या अच्छन महाराज, लच्छू महाराज, शंभू महाराज यांच्याकडे शिकली, कथक एकट्यानं दोन-दोन तास रंगवायला लागली. 1968 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1970 मध्ये पद्मश्री. 2004 मध्ये मुंबईत गेली.

आणि हे वाचणाऱ्या रायपूरकरांनी जरा कान इकडे करावेत. या दमयंतीबाई आपल्या खैरागढला शिकवून गेल्या. इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय, स्थापना 1956, राजा बीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती यांनी वारलेल्या मुलीच्या नावानं आपला राजवाडा देऊन काढलेलं. सुरुवातीच्या कुलगुरूंपैकी एक कोण, तर श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, भातखंड्यांचे शिष्य, आपलेच. म्हणजे एका बापानं मुलगी गेल्यावर दुसऱ्यांच्या मुलींना नाचायला घर दिलं. आणि आमचे भाऊ मुलगी समोर धडधाकट उभी असताना तिला कोचिंगच्या बसमध्ये बसवतात.

भाऊंना विचारलं, खैरागढ पाहिलंय? म्हणाले, नाव ऐकलंय. न्यूयॉर्कमधल्या डान्स स्टुडिओच्या फरशीचा रंग या माणसाला पाठ आहे. उरल्याहून राजनांदगावमार्गे शंभरेक किलोमीटरवरच्या राजवाड्यात कथकच्या वर्गात काय चालतं, ते बघायला त्यांना वीस वर्षांत एक रविवार मिळालेला नाही. न्यूयॉर्क फोनवर दिसतं ना. खैरागढला जायचं तर पेट्रोल टाकावं लागतं.

खरा चाहता कसा असतो? रुक्मिणीदेवी अरुंडेल बघा. ॲना पावलोव्हाचा नाच बघून वेड लागलं. नुसते बुके पाठवत बसल्या नाहीत. पुढे ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर पावलोव्हाची गाठ पडली, तर तिच्याच मंडळीतल्या एकीकडून बॅलेचे पाठ घ्यायला लागल्या, लग्न झालेल्या बाई, विशी ओलांडलेल्या. पावलोव्हानंच सुचवलं, तुमच्या देशात नाच कमी आहे का, तो शोधा. शोधला. 1935 मध्ये अड्यारला स्वतः लोकांसमोर नाचल्या, त्या काळच्या मद्रासमधल्या सोवळ्या मंडळींच्या भुवया जिथवर चढायच्या तिथवर चढू दिल्या, आणि दुसऱ्या वर्षी कलाक्षेत्र उभं केलं. चाहतेपणाचा शेवट असा झाला. पीटर्सबर्गच्या लोकांनी बूट खाल्ले, रुक्मिणीदेवींनी स्वतःच्या पायात घुंगरू बांधले. दोन्हींत भूक दिसते. आपल्या स्टेटसवरच्या चाहत्याला भूक नसते, त्याचं आधी जेवण झालेलं असतं.

मी भाऊंना हे सगळं असंच ऐकवलं. ते म्हणाले, "तुझं काय जातं बोलायला? तुला मुलगा आहे, तो कॉमर्सला आहे." मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी विषय बदलला नाही, तसाच पुढे रेटला. म्हटलं, पोटाचं काय हा तुमचा प्रश्न खोटा नाही. मेनकेलाही युद्धाच्या काळात ताफा मोडावा लागला, पैशाशिवाय ताफा चालत नाही. मनीषलाही पैसा कुठून आणायचा हा घोर सुटलेला नव्हता. नाचाच्या धंद्यात वर जाणारे थोडे, मागे राहणारे पुष्कळ. पण नीटला तरी काय वेगळं आहे हो? तिथे तर मागे राहणाऱ्यांवर कुणी चित्रपटही काढत नाही.

भाऊ हसले. एवढंच. हसण्याचा अर्थ होकार असा लावू नका, भाऊ बोनसच्या बोलण्यांतही असेच हसतात.

वहिनींनी मात्र परवा फोनवर विचारलं की खैरागढला बारावीनंतर प्रवेश असतो की आधीही काही शिकवतात. मी म्हटलं, भाऊंना घेऊन एकदा जाऊनच या, चौकशी होईल. गाडीत पुढच्या सीटवर मुलीला बसवा. भाऊंना मागे बसवा आणि त्यांचा फोन तुमच्याकडे ठेवा. परत आल्यावर मुलीचा फॉर्म भरा. चाहते व्हायला आम्ही गल्लीभर लोक मोकळेच आहोत, आणि या वेळी तिकीट काढून येऊ.