बारभाईंची चाचणी

मराठीत बारा हा आकडाच मुळात वाईट. वाजतात ते बारा, भानगडी असतात त्या बारा, आणि वस्तू कामातून गेली की जाते तीही बाराच्या भावात. गूगल प्लेला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

माझं पहिलंवहिलं ॲप, नाव 'पाणी आलं का?' टाकीत पाणी चढलं की वॉचमननं बटण दाबायचं, सगळ्या बिल्डिंगच्या फोनवर घंटी. बोरिवलीच्या वन रूम किचनमध्ये, पोळपाट बाजूला सारून, सहा महिन्यांत उभं केलं. गूगल प्लेच्या खात्याचे 25 डॉलर एकदाच भरायचे, ते भरले. (ॲपल दरवर्षी 99 घेतं. तिकडे आम्ही सॅम्पल फ्लॅटकडे बघावं तसं बघतो.) गोपनीयता धोरणही लिहिलं, जरी आमच्या जिन्यात सगळ्यांना सगळ्यांचं सगळं ठाऊक असलं तरी.

मग नियम दिसला. 13 नोव्हेंबर 2023नंतर वैयक्तिक खातं उघडलं असेल, तर आधी निवडक माणसांकडून चाचणी: 12 जण, सलग 14 दिवस. सुरुवातीला 20 मागत होते, डिसेंबर 2024मध्ये 12वर आले. मासळीबाजारात यापेक्षा जास्त सुटतात. सचिन टेके यांनी लोकलच्या वेळा सांगणारं एम-इंडिकेटर केलं तेव्हा ही अट नव्हती, नाहीतर अख्खी मुंबई अजून फलाटावर भोंग्याकडे कान लावून बसली असती.

अहो, एकट्यानं ॲप करणाऱ्याकडे बारा माणसं असती तर तो एकटा कशाला राहिला असता?

बारा डब्यांच्या लोकलमध्ये रोज अंधेरीपर्यंत लोक माझ्या बरगड्यांत कोपर ठेवून उभे असतात. एकाचाही ईमेल माहीत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, तर म्हणाले, "सभेत ठराव आणा." आमच्या सभेला कोरम भरल्याचं कुणाला आठवत नाही. घाटकोपरच्या मेव्हण्याकडे आयफोन. त्यानं तो खिशातून काढून दाखवला आणि मग दिलगिरी व्यक्त केली. तळमजल्यावरच्या काकांनी एकच विचारलं, "ओटीपी नाही ना येणार?" इकडूनतिकडून काही जण जमले, शेवटी मुलुंडच्या मावशीनं स्वतःसकट भिशीतल्या पाचजणी दिल्या आणि बारा भरले.

नवव्या दिवशी आकडा 11. मावशीला फोन लावला.

"अरे, 'चाचणी सोडा' असं लिहिलेलं होतं. मी सोडवली. सोपी होती."

दिवस पुन्हा एकपासून. नाना फडणवीसांनी बारभाई जमवले त्याला कारस्थान म्हणतात. त्यांच्यात मावशी नव्हती, म्हणून तडीस गेलं.

चौदा दिवस भरले की एक अर्ज असतो. त्यात विचारतात, चाचणीसाठी माणसं मिळवणं किती सोपं गेलं? तो रकाना मी मोकळाच ठेवणार आहे.

दुसरी फेरी सोमवारपासून. एक जागा रिकामी आहे. अँड्रॉइड फोन असेल, ॲप रोज उघडायची आणि 'सोडा' हे बटण सोडून द्यायची तयारी असेल, तर कळवा. चहा माझ्याकडून. पाणी आलं तर.