ज्ञान बाहर काढो

आमच्या चाकणच्या कारखान्यात गाड्यांसाठी नायलॉनचे भाग तयार होतात. मोल्डिंग शॉपमध्ये बालेश्वरकडचे ऑपरेटर, सिवानचे हेल्पर, टूलरूममध्ये कोइमतूरची जोडगोळी, क्वालिटीत लातूर-बीडची पोरं आणि काचेच्या केबिनमध्ये एक जपानी सल्लागार. या सगळ्यांनी आपापलं ज्ञान एकमेकांना द्यावं असं एका सकाळी व्यवस्थापनाच्या मनात आलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. माझी पात्रता एवढीच, की मी त्या विषयावर पुस्तक वाचलं होतं.

नोनाका आणि ताकेउची यांचं, १९९५ सालचं. त्यात मात्सुशिता कंपनीची गोष्ट आहे. १९८५च्या सुमारास त्यांना घरगुती पाव भाजायचं यंत्र काढायचं होतं, पण यंत्रात कणीक नीट मळलीच जाईना. पाव वरून करपायचा, आतून कच्चा. शेवटी इकुको तनाका नावाची सॉफ्टवेअरवाली बाई ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शिकायला गेली. तो कणीक ताणताना तिला पीळ देतो, हे तिच्या ध्यानात आलं. पाववाल्याला कुणी विचारलं असतं तरी ते त्याला सांगता आलं नसतं, कारण ते त्याच्या हाताला ठाऊक होतं. तनाकाबाई पिठात हात घालून शिकल्या. मी हे सगळं एसीत बसून अधोरेखित केलं आणि थेट भाषणाला उभा राहिलो.

भाषण हिंदीत होतं, म्हणजे मला हिंदी वाटते त्या भाषेत. "भाईलोग, ज्ञान अंदर दबाके मत रखो. सब लोग अपना अपना ज्ञान बाहर काढो!" पुढच्या रांगेतल्या दोघांनी निमूटपणे खिसे उलटे करून दाखवले. गेटवर रोज झडती होते, त्यांना सवय आहे. जपानी साहेबांनी माझा आराखडा पाहून दातांतून सूंऽऽ करून हवा ओढली. मी त्यांना लवंगेचं तेल आणून दिलं. त्यांच्याकडे 'हे अवघड आहे' असं तोंडावर न म्हणता हवा ओढतात, हे मला फार उशिरा कळलं. तोवर त्यांनी तेल वापरायला सुरुवातही केली होती. सभ्य माणूस.

मग मी फॉर्म काढला: मराठी-इंग्रजी, दोन पानी. दर सूचनेमागे स्टीलचा डबा. पाऊस पडला सूचनांचा! "मशीन बंद असल्यास चालू करावे." "ओल्या हाताने स्विचला हात लावू नये." एकाने "जेवणाच्या सुट्टीत जेवावे" असंही लिहिलं, आणि नियमाप्रमाणे तोही डबा घेऊन गेला. खरी खुबी एकाही फॉर्मवर नव्हती. झेरॉक्सच्या दुरुस्ती तंत्रज्ञांसाठी अशीच युक्त्यांची नोंदवही करायची ठरली, तेव्हा त्यांना पैशांपेक्षा युक्तीखाली आपलं नाव हवं होतं. हेही मी वाचलं होतं. पण आमच्या फॉर्मवर नावाला जागाच नव्हती. लोक मोकळेपणी लिहितील म्हणून ती मीच उडवली होती. डबे संपत आले, तिमाहीचं टार्गेट गाठायचं राहिलं, तेव्हा उरलेल्या सूचना मीच बसून भरल्या.

पुढे जुलैतली ती रात्रपाळी. बाहेर मुसळधार, प्रोसेस इंजिनिअर तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला, आणि मशीनमधून निघणाऱ्या प्रत्येक भागावर चंदेरी रेघा, शॉपच्या भाषेत 'सिल्व्हर'. गाडी पहाटे निघायची होती. मी ऐटीत संगणकावर माझं ज्ञानभांडार उघडलं. सूचना सापडली: "सिल्व्हर आल्यास तापमान वाढवावे." वाढवलं. नोझलमधून वितळलेल्या नायलॉनची लाळ गळू लागली, तिची तार माझ्या बुटावर येऊन बसली आणि रेघा दुप्पट झाल्या. ही सूचना दिली कोणी, म्हणून ओरडायला तोंड उघडलं, आणि मिटलं. त्या आठवड्यात टार्गेट भरताना माझ्या लेखणीला विशेष बहर आला होता.

आणि मग चमत्कार झाला. अख्खी पाळी गोळा झाली. सिवानवाला म्हणाला, "सर, पानी है दाना में." कोइमतूरकर हातवारे करून तापमान खाली घ्यायला सांगू लागला. लातूरच्या पोराने त्याला मध्येच तोडलं, की आधी पोत्यांची तोंडं कोण उघडी टाकतं ते बघा. सगळे एकमेकांवर कुरघोडी करत होते, पण ज्ञान बदाबदा बाहेर पडत होतं. साहेब चुकलाय म्हटल्यावर भाषेची अडचण कुणालाच राहिली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम चुकायला लागलो. ते त्यांनी तासाभरात ओळखलं आणि माझ्याकडे बघणंच सोडलं.

त्या रात्री मशीन सावरलं ते बालेश्वरच्या ऑपरेटरने. नायलॉन पावसाळी हवेतली ओल पितो, दाणा आधी काही तास ऐंशी अंशांच्या आसपास वाळवावा लागतो, हे तक्त्यावरही आहे. पण तो पर्जिंग करताना, म्हणजे मशीनमधला वितळलेला माल बाहेर सोडताना, नोझलला कान देतो. तडतड आवाज आला तर दाणा ओला, आवाज बसला की भाग काढायचा. हे त्याने मला उभं करून ऐकवलं. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले.

"आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सर, मेरा ठेका ग्यारह महीने का है. मशीन का आवाज सबको समझ गया, तो मेरे को कौन रखेगा?"

मी तिथल्या तिथे कागद काढला, युक्ती लिहिली, खाली त्याचं नाव घातलं. त्याने स्पेलिंग दोनदा तपासलं, एक अक्षर दुरुस्त करून घेतलं आणि म्हणाला, "यही नाम ठेकेदार के रजिस्टर में भी रहने दीजिए, सर. अगले साल भी."

सकाळी मी एचआरला सविस्तर मेल लिहिला: ज्याच्याकडून शिकायचंय त्याची नोकरी आधी पक्की करा. दुपारी उत्तर आलं. सूचना अत्यंत उपयुक्त आहे, कृपया विहित फॉर्ममध्ये भरावी, डबा स्टोअरमधून घ्यावा.