वेडेपणाची थोरवी

शहाणा माणूस दुखल्याशिवाय रक्त तपासत नाही. पण मला आज वेड्यांचं कौतुक करायचं आहे, आणि तेही अगदी मनापासून.

जपानचे अकिरा एंदो 1971 साली सांक्यो या औषधकंपनीत बुरशी तपासायला बसले. घरात भाकरीवर बुरशी दिसली की आपण ती फेकून देतो. हे गृहस्थ मात्र तिच्यात कोलेस्टेरॉलवरचं औषध शोधत होते. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलंच शरीर बनवतं. ते बनवणारं विकर अडवणारा पदार्थ एखादी बुरशी तयार करत असेल, असा त्यांचा तर्क होता. दोन वर्षांत त्यांनी सुमारे 6000 नमुने तपासले. अखेर 1973 मध्ये क्योतोच्या एका धान्य दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत तो पदार्थ मिळाला.

उंदरांना दिला, तर काहीच फरक पडला नाही. इथे कोणीही हिशेबी माणूस गाशा गुंडाळतो. एंदोंनी 1976 मध्ये सहकाऱ्याच्या कोंबड्यांना तो खाऊ घातला. अंड्यात कोलेस्टेरॉल भरपूर, म्हणजे अंडी घालणाऱ्या कोंबडीच्या रक्तातही ते भरपूर असणार, इतका साधा विचार! कोंबड्यांचं कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आलं. 1978 मध्ये ओसाकात डॉक्टर यामामोतोंनी हे औषध अठरा वर्षांच्या एका मुलीला दिलं. तिला आनुवंशिक विकार होता आणि कोलेस्टेरॉल भयंकर वाढलेलं होतं. मात्रा जास्त झाल्याने तिचे स्नायू दुबळे पडले, तेव्हा डॉक्टरांनी औषध थांबवलं आणि नंतर कमी मात्रेने पुन्हा सुरू केलं. ही चिकाटी मला फार मोठी वाटते. याच वाटेवरच्या औषधांना स्टॅटिन म्हणतात; त्यांतलं पहिलं 1987 मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. पुढे 1994 मध्ये स्कँडिनेव्हियातल्या 4444 हृदयरुग्णांवरच्या चाचणीत स्टॅटिन घेणाऱ्यांमधले मृत्यू 30 टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं.

हे सगळं अशा रोगासाठी, जो वर्षानुवर्षं दुखत नाही. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, धमनीच्या भिंतीत शिरतं, तिथे साचतं, भिंत सुजते, पण माणूस रोजच्यासारखा जिना चढत असतो. मग एके दिवशी तो साठा फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो. कित्येकांना पहिली कळ येते ती झटक्याचीच. म्हणून "मला काही होत नाही" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

वडिलांना चाळिशीतच झटका आलेली एखादी मुलगी स्वतःला काही होत नसताना सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये हात पुढे करते. घरचे म्हणतात, "धडधाकट तर आहेस, कशाला हे वेड?" मी तिला एंदोंच्या पंगतीत बसवतो. तिचं एलडीएल 190 च्या वर निघालं, तर दोष घराण्यातून आलेला असू शकतो. मग तिच्या धाकट्या भावालाही सुई टोचून घ्यावी लागेल, आणि त्याला लॅबपर्यंत ओढून नेण्याचं कामही बहुधा तिलाच करावं लागेल.